बैलाचं मंजन

नानासो सिसाळ सांगलीत नेमका काय धंदा करतो, हे पलूसात कोणाला धड सांगता येत नसे. सोनार दागिने घडवतो, कुंभार मडकी घडवतो आणि वकील भांडणं घडवतो, एवढं लोकांना कळत होतं. पण दुसऱ्याच्या मालाची तारीफ करायची आणि वर त्याची मजुरी घ्यायची, हे काही गावाच्या डोक्यात शिरेना. नानासोचे वडील नाथाजी यांनी मात्र हा धंदा एका शब्दात बसवून टाकला होता. "भाट झालाय त्यो," असं ते विचारणाऱ्याला सांगत आणि बोलणं उसाच्या पाण्यावर नेत.

भाटाच्या कंपनीचं नाव होतं बोलबाला जाहिरात कंपनी. गणपती पेठेत एका हळदीच्या अडत्याच्या वखारीवर फळ्यांच्या जमिनीची एक खोली होती, तीत ती चाले. खाली हळद पाखडली की फटींतून वर धुरळा येई आणि कंपनीतली तिन्ही माणसं हळद लागलेल्या नवरदेवासारखी पिवळी होऊन बसत. तिघांपैकी नानासो हा मालक आणि डोकं. चांदसाहेब हा रंगारी. पत्र्याच्या पाट्या आणि गावोगावच्या भिंती रंगवायचं काम त्याचं. तिसरा बिराप्पा, जतकडचा धनगर. त्याच्याकडे एक ढोल होता आणि त्या ढोलापेक्षा मोठा आवाज होता.

कंपनीत मुख्य काम म्हणजे विचार करणे. नानासो बाकावर उताणा पडे, तोंडावर ओला पंचा घेई आणि विचार करी. त्या वेळी बाकीच्यांनी बोलायचं नाही असा कायदा होता. विचार पिकला की तो आधी बिराप्पाला सांगायचा. बिराप्पाला कळला तर मुलखाला कळणार, हे उघडच होतं. बिराप्पाला फारच आवडला तर मात्र तो सोडून द्यायचा, कारण बिराप्पाला फार आवडणाऱ्या प्रत्येक गोष्टीत ढोल असे.

साल त्रेचाळीसचं. लढाईपायी कागद मिळेनासा झाला होता, तेव्हा हस्तपत्रकं छापायची सोय उरली नव्हती. एक फिरता सिनेमा आणि एक चहाचं दुकान एवढीच गिऱ्हाइकं टिकून होती, आणि चहावाला तर चहाच पाजून मोकळा होई. इकडे नाथाजींनी निर्वाणीचं सांगून टाकलं होतं, की बेंदरापर्यंत, बैलांच्या सणापर्यंत, काय ते बघ. मग गुमान घरी ये आणि औत धर. दात कोरून पोट भरत नसतं, हेही वर ऐकवलं.

यात नानासोचा जीव टांगणीला लागला होता तो अंजनापायी. अंजना त्याची बायको. लग्न झाल्यापासून ती पलूसात सासऱ्याजवळ आणि नाथाजींची विधवा बहीण बनुबाई हिच्याजवळ राहत होती, आणि नानासो सांगलीत त्या बाकावर. कंपनी बुडाली असती तर तो घरी जाऊन बायकोसोबत राहिला असता, मग रडायचं कशाला, असं कोणी म्हणेल. पण म्हणणाऱ्याने अंजनाला ऐकलेलं नाही. "तुमी बोलवा, एका खोलीत चटणी-भाकर खाऊन ऱ्हाईन," ती म्हणाली होती. "पर तुमी हरून घरला आलासा, तर म्या कुनाकडं बघून दिवस काढू?" हे शब्द नानासोच्या काळजात काट्यासारखे रुतून बसले होते. त्याला बायको हवी होती आणि मान ताठ ठेवून हवी होती.

अशात साताऱ्याहून भिकाशास्त्री टोळे आले. त्यांचं ऐरावत दंतमंजन. डबीवर हत्तीचं चित्र, आत लवंग, कापूर, सैंधव आणि आणखी काय काय, ते शास्त्री मरेपर्यंत सांगणार नव्हते. त्यांच्या आजोबांनी हे मंजन सरदारांच्या दातांसाठी शोधून काढलं होतं, असं ते पहिल्याच वाक्यात सांगत. शास्त्रीबुवांचे स्वतःचे दात मोत्यासारखे होते, पण ते कधी हसत नसत, त्यामुळे ते दिसायला त्यांना राग यावा लागे. बेंदरापर्यंत सांगलीकडच्या भागात मंजनाचं नाव करून दाखवा, पुढचं सगळं काम तुम्हालाच, असं ठरलं.

नानासोने पंचा भिजवला.

अडचण अशी होती, की या मुलखात दात घासायला कोणी काही विकत घेत नसे. बायका मिसरी लावत, पुरुष बाभळीची काडी चघळत, आणि उरलेल्यांना चुलीतली राख होती. पहिला उपाय म्हणून नानासोने बिराप्पाला पलूसच्या आसपास दवंडी द्यायला पाठवलं. त्या दिवसांत ढोल वाजला म्हणजे सरकारी हुकूम, आणि सरकारी हुकूम म्हणजे सरकार सक्तीने नेई ते लेव्हीचं धान्य. बिराप्पाने "ऐका हो" म्हणेपर्यंत लोकांनी पेवांची तोंडं लिंपून टाकली, वर शेणी रचल्या आणि दाराला कुलपं लावून माणसं मळ्यात गेली. बिराप्पाने ओस पडलेल्या गावाला मंजनाचे सगळे गुण सांगितले. एका म्हातारीने तेवढं ऐकून घेतलं, पण ती बहिरी होती.

दुसरा उपाय चांदसाहेबाचा. त्याने एका चावडीसमोरच्या भिंतीवर पुरुषभर उंचीची, बत्तिशी काढून हसणारी बाई रंगवली. दात फार सुरेख जमले होते, म्हणून त्याने हौसेने आणखी थोडे काढले. आठवडाभरात गावातल्या आया रडणाऱ्या पोरांना "दातवाली येईल हं" म्हणून झोपवू लागल्या, आणि पाटलाने निरोप धाडला, की एक तर बाई पुसा नाहीतर तिचं तोंड मिटवा. चांदसाहेबाने जड अंतःकरणाने तिच्या तोंडावर पदर रंगवला. दंतमंजनाच्या जाहिरातीत आता एक बाई तोंड लपवून उभी होती.

नानासो हात टेकून दोन दिवस घरी आला, तेव्हा ओट्यासमोर गर्दी होती. कोणीतरी बैल दाखवायला आणला होता. नाथाजी म्हणजे बैलाच्या दातांचे पारखी. पंचक्रोशीत त्यांच्या शब्दावर सौदे होत. बैलाला आठ दात येईपर्यंत त्याचं वय कोणीही मोजतो. पण आठही दात जुळले की मग झीज आणि पिवळेपणा बघून वय सांगायचं, ते नाथाजींनीच. त्यांनी बैलाचा ओठ खाली ओढला, जीभ बाजूला केली, आणि सगळी माणसं देवाचा गाभारा उघडल्यासारखी पुढे वाकली.

नानासोच्या डोक्यात लख्ख पडलं. या मुलखात माणसाच्या तोंडात कोणी बघत नाही. सोयरीक जुळवतानासुद्धा नाही. बघतात ते बैलाच्या.

सांगलीला येऊन त्याने ही कल्पना बिराप्पाला सांगितली. बैलाचे दात भर बाजारात मंजनाने घासायचे आणि म्हणायचं, जनावराचे दात असे लख्ख निघतात तर तुमचे का निघणार नाहीत. बिराप्पाला कळली. फारच आवडली. नानासो क्षणभर घुटमळला, कारण यात ढोलही होता. पण बेंदूर तोंडावर आलेला, दुसरं काही सुचलेलं नाही. चांदसाहेबाने एवढीच शंका काढली, की बैलाला पुढचे वरचे दात नसतातच, तेव्हा माल अर्धाच खपेल.

बेंदराआधीचा पलूसचा जनावरांचा बाजार म्हणजे पाय ठेवायला जागा नसते. नानासोने एका तेल्याचा घाण्यावरून सुटलेला बैल मागून आणला, चांदसाहेबाने भिंतीला सफेदी द्यायचा कोरा कुंचला घेतला आणि बिराप्पाने ढोल पिटला. बाजारात ढोलाला लोक भीत नाहीत, कारण तिथे लपवायला कोणाकडे धान्य नसतं. हां हां म्हणता माणसांचं कडं पडलं. कुंचला फिरला, पिवळा फेस गळला, पाणी मारलं, आणि त्या थकल्या बैलाच्या तोंडात नव्या नवरीच्या ओच्यात असावेत तसे पांढरेशुभ्र तांदूळ दिसू लागले. बैलाला लवंग आणि मीठ इतकं भावलं, की तो कुंचला सोडेना. नानासो उंचावरून बोलत होता, की मंडळी, आता तुमच्या दातांचा विचार करा.

मंडळींनी विचार केला, पण तो आपापल्या बैलांचा. जुळलेला बैल तरणा दिसतो म्हटल्यावर डब्यांवर झुंबड उडाली. जो तो डबी कनवटीला लावी आणि गाडीआड जाई. कपाळावर पांढरं चांदकं असलेला एक म्हातारा बैल घेऊन मिरजेकडचा एक माणूस आला होता, त्याच्या बैलाचे कडेचे दात स्वच्छ निघेनात, तर नानासोने भल्या मनाने ते स्वतःच्या हाताने घासून दिले. गिऱ्हाईक म्हणजे देव, असं तो म्हणे. दुपारपर्यंत माल संपला. तिघांनी पोटभर जिलबी खाल्ली, आणि नानासोने मनातल्या मनात अंजनाची ट्रंक खोलीत कुठे ठेवायची तेही ठरवलं.

नाथाजीही त्या दिवशी बाजारात होते. पण आपल्या पोराचा ढोल ऐकू आला तसे ते शरमेने बाजाराच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसले आणि काही केल्या इकडे फिरकले नाहीत.

पुढच्याच आठवड्यात भिकाशास्त्री आगगाडीने सांगलीला निघाले ते कौतुक करायला. डब्यात त्यांच्या पिशवीतली डबी बघून एका शेतकऱ्याने आपणहून सांगितलं, की लय झकास मंजन हाय, आमच्या ढवळ्याला रोज लावतो. शास्त्री बोलबालाच्या जिन्यावर आले तेव्हा त्यांचे सगळे दात दिसत होते.

सरदारांचं मंजन तुम्ही गोठ्यात नेलंत, असं ते म्हणाले. आणखी बरंच म्हणाले. त्यातलं निम्मं संस्कृतात होतं म्हणून बरं. मग त्यांनी विचारलं, की या मुलखात एका तरी माणसाने हे मंजन तोंडात घातलं आहे का. बिराप्पाचं तोंड पानाने लाल होतं, चांदसाहेबाचं तंबाखूने तपकिरी, आणि खुद्द मालकाच्या खिशात कडुनिंबाची काडी होती. शास्त्री उठले. बेंदराच्या आत ऐरावताने दात घासणारा एक मनुष्यप्राणी साताऱ्यात माझ्यासमोर उभा करा, एवढं बोलून ते निघाले. नाहीतर काम बंद.

एक माणूस मिळवणं म्हणजे काय मोठंसं, असं नानासोला वाटलं. नमुन्याच्या दोन-तीन डब्या उरल्या होत्या, त्यातली एक त्याने खालच्या हमालांना फुकट देऊ केली. हमाल म्हणाले, बैलाचं मंजन आमी लावावं व्हय? चहावाल्याने तेच विचारलं. मंजनाचं नाव एवढं झालं होतं की आता ते कोणी माणूस तोंडात घालायला तयार नव्हतं. बिराप्पा मालकासाठी पान सोडायला तयार झाला आणि घासूही लागला, पण त्याचे दात घासून लालाचे गुलाबी झाले, त्यापुढे जाईनात. चांदसाहेबाने तोंडात डबी रिकामी केली आणि त्याला तंबाखूवाचून चक्कर आली.

बेंदूर परवावर आला, तसं नानासोने चांदसाहेबाला पाटी उतरवायला सांगितली. स्वतः ती उतरवायचा त्याला धीर होईना. अंजनासमोर कोणत्या तोंडाने उभं राहायचं, या विचाराने त्याचे डोळे भरून आले होते आणि तो ते हळदीच्या धुरळ्यावर लोटत होता.

त्याच वेळी जिन्यावर करकरीत वहाणा वाजल्या आणि नाथाजी वर आले. कंपनी निघाल्यापासून पहिल्यांदाच. त्यांनी खोलीभर नजर फिरवली, चांदसाहेबाला आणि बिराप्पाला बाहेर उभं राहायला सांगितलं आणि बाकावर टेकले. बराच वेळ ते उसाबद्दल बोलले. मग म्हणाले, "नाना, ते बैलाचं पीठ हाय का रं उरलेलं?"

कोणासाठी, असं नानासोने विचारलं. शेजाऱ्यासाठी, असं नाथाजींनी सांगितलं. नानासोने शेजाऱ्याचं नाव विचारलं, तेव्हा नाथाजी पुन्हा उसाकडे वळू पाहत होते. पण ऊस संपला होता.

"म्या बैल घेतलाय," ते म्हणाले. "बाजारात. तरणा बघून. दात दुधावानी पांढरं. सगळ्या गावाम्होरं वाजवत आनला. चार दिसांनी तोंड उघडून बघतोय तर माझ्या बाच्या वयाचा हाय त्यो."

"कसा हाय दिसायला?"

"कपाळावर चांदकं हाय."

नानासोला आपण घासून दिलेले कडेचे दात आठवले. आपलेच दात, आपलेच ओठ.

नाथाजींची खरी भीती बैलाची नव्हतीच. बेंदराला बैल मिरवायचा होता, गाव बघायला येणार होतं, आणि नाथाजी सिसाळ दातात फसला, हे एकदा कळलं की पंचक्रोशीत त्यांच्याकडे कोणी कोंबडीसुद्धा दाखवायला आणलं नसतं. दात बघून बघून मिळवलेली अब्रू होती ती. आता बैलाचे दात रोज घासत राहणं, एवढाच मार्ग होता.

नानासोने मग सगळं सांगितलं. मंजन संपलंय. शास्त्री आणखी देणार नाहीत. कधीच नाही, जोवर एक माणूस त्यांच्यासमोर स्वच्छ दात घेऊन उभा राहत नाही. नाथाजींनी ऐकून घेतलं. ते जुन्या लढाईत बसऱ्याला जाऊन आलेले, पण इतकी कठीण मोहीम त्यांच्या नशिबी आली नव्हती. त्यांनी टोपी काढून बाकावर ठेवली.

"तांब्याभर पानी आन," ते म्हणाले.

कंपनीच्या खिडकीत उकिडवे बसून नाथाजींनी दात घासले. डबीच्या तळाशी राहिलेली पूड पुन्हा आत बोलावलेल्या चांदसाहेबाने खरवडून दिली. पहिल्या घासणीत काही निघालं नाही. तेव्हा चांदसाहेबाने रंगाऱ्याच्या अधिकाराने सांगितलं, की भिंत जुनी असली म्हणजे एका हाताने भागत नाही. दुसरा हात दिला, तिसरा दिला. खाली अडत्याने वर बघून विचारलं, काय गळतंय म्हणून. शेवटी नाथाजींच्या मिशांखाली त्यांच्या लग्नानंतर कोणी न पाहिलेली अशी एक पांढरी रेघ उमटली.

दुसऱ्या दिवशी बापलेक साताऱ्यात शास्त्र्यांसमोर उभे राहिले. शास्त्र्यांनी नाथाजींची हनुवटी धरली, तोंड उजेडाकडे वळवलं आणि बोटाने ओठ खाली ओढला. आयुष्यभर दुसऱ्यांचे ओठ ओढलेल्या माणसाने ते मुकाट सोसलं. मग शास्त्र्यांनी विचारलं, हे मंजन तुम्ही का लावता, ते स्वतःच्या शब्दांत सांगा.

नानासोने वडिलांकडे पाहिलं. आबांनी जन्मात कशाची तारीफ केली नव्हती. पोराची तर नाहीच.

नाथाजी खाकरले. "शास्त्रीबुवा," ते म्हणाले, "मानूस कवा बी खोटं बोलंल, पर त्येचं दात खोटं बोलत न्हाईत. म्या आज सकाळी भाकर चावली, तवा मला मिसरूड फुटल्यालं दिस याद आलं. हे तुमचं औषध सरदारांनी लावलं, ते उगंच न्हाई. आमच्यासारख्यानं एकदा लावलं, तर त्यो बी सरदारच." एवढं बोलून ते हसले. सगळे दात दाखवून हसले. आणि भिकाशास्त्री, ज्यांना हसताना त्यांच्या बायकोनेही पाहिलं नव्हतं, तेही हसले.

नानासो आ वासून बघत राहिला. इतक्या वर्षांत बोलबाला कंपनीला असली जाहिरात जमली नव्हती. परतीच्या गाडीत त्याने एकदाच म्हटलं, की आबा, लय झकास बोललासा. नाथाजी खिडकीबाहेर बघत म्हणाले, "गप ऱ्हा." मांडीवर मंजनाच्या डब्यांची पिशवी त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती.

बेंदूर झाला. चांदक्या बैल झूल पांघरून, शिंगांना तांबडा हुरमुंज लावून मिरवला, आणि लोकांनी त्याचे दात बघून नाथाजींच्या पारखीची वाहवा केली. नानासो मुद्दामच गावी गेला नाही. आपल्याला हसू आवरणार नाही, हे त्याला ठाऊक होतं.

बेंदराच्या दुसऱ्या दिवशी नाथाजी पुन्हा जिना चढून आले. मागे अंजना होती आणि हमालाच्या डोक्यावर ट्रंक. नानासोला आपण बाकावर झोपलो आहोत आणि तोंडावर पंचा आहे असं वाटलं.

"हिला आनलीय," नाथाजी म्हणाले. "आता हितंच ऱ्हावा दोघं. घरला यायची काय गरज न्हाई. औत धरायला मानसं हाईत." एवढ्यावर थांबायचं त्यांच्या मनात होतं, पण नानासोच्या चेहऱ्याकडे बघून त्यांना पुढे बोलावं लागलं. "हिनं मला सकाळच्या पारी गोठ्यात बघितलंय. आन तुझं तोंड तर जाहिरातीचं. दोघं बी गावात नगा मला."

ते गेले. वहाणांचा आवाज पेठेच्या गर्दीत विरेपर्यंत अंजना खाली मान घालून उभी होती. मग ती ट्रंकेवर बसली, पदर तोंडात कोंबला आणि इतकी हसली की खालची हळद पाखडणारी माणसं थांबली. नानासोही हसत होता आणि त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं. अंजना आली होती. हरल्यावाचून आली होती.

तो म्हणाला, की बिचाऱ्या आबांनी गावापासून केवढी लपवाछपवी केली असेल.

"आवं, कसली लपवाछपवी," अंजना डोळे पुसत म्हणाली. "त्या बाजारात अख्ख्या गावानं बैल घेतल्याती. सकाळच्या पारी पान्याला जावावं, तर ज्येच्या त्येच्या गोठ्याचं दार आतनं बंद, आन आतनं घसाघसा आवाज. ज्येला त्येला वाटतंय, फसलो त्यो आपनच. बायका समद्या जानून हाईत. पर मामंजींस्नी तेवढं कळू देऊ नगा."

नानासोने चांदसाहेबाकडे आणि बिराप्पाकडे पाहिलं. दोघांनी माना डोलावल्या. बिराप्पाने ढोल उचलून कोपऱ्यात पालथा ठेवला, आणि बोलबाला जाहिरात कंपनीने ही एक गोष्ट जन्मभर कोणालाही सांगितली नाही.